नत्राचा टक्का आणि दाण्याचा कस

धान्याची प्रत सांगायला आज एक आकडा पुरेसा मानला जातो, तो म्हणजे प्रथिनांचा टक्का. गव्हाचे नवे वाण प्रसारित झाले की उत्पादनाच्या खालोखाल हाच आकडा छापून येतो. आट्याच्या पिशवीवर तो असतो, पशुखाद्याच्या पोत्यावर असतो, शाळेतल्या पोषण आहाराच्या निकषांतही प्रथिने ग्रॅममध्येच मोजलेली असतात. हा आकडा नेमके काय मोजतो, आणि त्यावरून धान्याच्या पोषणमूल्याबद्दल किती बोलता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढच्या प्रकरणांत शेत, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर अशा तिन्ही बाजूंनी त्याचा विचार येईल. प्रस्तावनेत मी एकच म्हणणे मांडणार आहे. तृणधान्यांच्या बाबतीत हा टक्का मुळात नत्राचा आहे, आणि दाण्यातले नत्र वाढते तेव्हा जे प्रथिन वाढते ते बहुतांशी माणसाच्या शरीराला सर्वांत कमी उपयोगी पडणारे असते. म्हणून टक्का चढला की कसही चढला असे समजणे चूक आहे. ज्वारी, मका, गहू आणि बार्ली या धान्यांत टक्का चढताना प्रथिनाचा कस बहुधा उतरतोच.

आधी मोजणीबद्दल. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये जी पद्धत बसवली, तिच्यावर धान्यातल्या प्रथिनांचे जवळजवळ सगळे आकडे आजही उभे आहेत. त्यांना बिअरसाठी लागणाऱ्या बार्लीतले प्रथिन मोजायचे होते. पद्धत अशी : तोलून घेतलेले पीठ लांब मानेच्या चंबूत घालायचे, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतून उकळत ठेवायचे. पीठ आधी काळे पडते, फेसाळते, आणि बऱ्याच वेळाने द्रव नितळ होतो. तोवर पिठातले सगळे सेंद्रिय नत्र अमोनियम सल्फेटच्या रूपात आलेले असते. मग अल्कली घालून अमोनिया उर्ध्वपातनाने बाहेर काढायचा, आम्लात धरायचा आणि अनुमापनाने मोजायचा. हाती येते ते नत्राचे वजन. या सगळ्या खटाटोपात प्रथिन कुठेच वेगळे काढलेले नसते, उलट ते पहिल्याच टप्प्यात पुरते मोडून गेलेले असते. नत्राच्या वजनाला एका ठरावीक गुणकाने गुणले की जे येते त्याला आपण प्रथिन म्हणतो. आजची ज्वलनपद्धत जलद आहे, आणि बाजारात दाणे ओतताच आकडा दाखवणारी अवरक्त किरणांची यंत्रे त्याहून जलद आहेत. पण ती यंत्रेही नत्राच्या याच मोजमापांवर बेतलेली असतात.

तो गुणकही निसर्गाने ठरवून दिलेला नाही. प्रथिनात सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरले की शंभराला सोळाने भागून ६.२५ येतो, आणि तोच सर्रास वापरला जातो. अमेरिकेच्या कृषी खात्यातले डी. बी. जोन्स यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक अन्नपदार्थाचा गुणक निराळा धरायला हवा. त्यांनी गव्हाच्या मैद्यासाठी ५.७०, अख्खा गहू, बार्ली आणि ओट यांच्यासाठी ५.८३, तांदळासाठी ५.९५ आणि दुधासाठी ६.३८ हे गुणक सुचवले. एखाद्या मैद्यात २ टक्के नत्र निघाले, तर एका गुणकाने तो १२.५ टक्के प्रथिनांचा ठरतो आणि दुसऱ्याने ११.४ टक्क्यांचा. मैदा तोच, नत्रही तेच. दोन कंपन्यांच्या किंवा दोन देशांच्या आकड्यांची तुलना करताना गुणक कोणता हे विचारायची सवय आपल्याकडे अजून रुजलेली नाही, आणि ती रुजायला हवी. नत्र म्हणजे प्रथिन हे समीकरण डोळे झाकून धरले की काय होऊ शकते, हे २००८ मध्ये चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधाचा ‘प्रथिनांचा टक्का’ भरून काढण्यासाठी त्यात मेलामाइन मिसळले गेले. या रसायनाच्या वजनात दोनतृतीयांश नत्र असते. चाचणी त्याला प्रथिनापासून वेगळे ओळखू शकली नाही. सुमारे तीन लाख बाळांना त्रास झाला आणि सहा दगावली. तो गुन्हा होता. धान्याच्या शेतात कोणी अशी भेसळ करत नाही. पण चाचणीला जे दिसत नाही ते धान्याच्या बाबतीतही दिसत नाही, आणि तिथे हा फरक वनस्पती स्वतःच, आपल्या गरजेपोटी घडवून आणते.

दाण्यातले प्रथिन हा एकच एक पदार्थ नाही. अमेरिकेत कनेटिकटमध्ये काम करणाऱ्या थॉमस ऑस्बोर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते कशात विरघळते यावरून चार गटांत वाटले. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिने, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिने, अल्कोहोलमिश्रित पाण्यात विरघळणारी प्रोलामिने आणि सौम्य अल्कलीत किंवा आम्लात विरघळणारी ग्लुटेलिने. पहिले दोन गट मुख्यतः अंकुरात आणि बाहेरच्या थरांत असतात. पेशीचे रोजचे व्यवहार चालवणारी विकरे त्यांतच येतात. प्रोलामिने ही निव्वळ साठवण आहे. उद्या दाणा रुजेल तेव्हा रोपाला लागणारे नत्र ती पिठूळ गाभ्यात राखून ठेवतात. मक्यातले झेइन, गव्हातले ग्लायडिन, बार्लीतले हॉर्डेइन आणि ज्वारीतले कॅफिरिन ही सगळी या गटातली. त्यांची घडण नत्र साठवायला सोयीची अशी आहे. ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या एका रेणूत नत्राचे दोन अणू असतात, आणि या प्रथिनांत ग्लुटामिन ठासून भरलेले असते. गव्हाचा गुणक ६.२५ च्या खाली का येतो, याचे कारणही हेच. लायसीन मात्र त्यांत नावापुरते असते, आणि झेइनमध्ये तर लायसीनबरोबर ट्रिप्टोफॅनही जवळजवळ नसते.

माणसाचे शरीर लायसीन स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी १९१४ च्या सुमारास कोवळ्या उंदरांवर केलेले प्रयोग आजही या विषयाचा पाया आहेत. प्रथिन म्हणून केवळ ग्लायडिन दिलेले उंदीर जगले, पण वाढले नाहीत. त्यात लायसीन घालताच वाढू लागले. केवळ झेइनवर ठेवलेले उंदीर खंगत गेले. ट्रिप्टोफॅन दिल्यावर त्यांचे वजन टिकले आणि लायसीनही दिल्यावर वाढ सुरू झाली. चाचणीच्या हिशेबात या सगळ्या उंदरांना प्रथिन मिळतच होते. कमी पडत होते ते एक विशिष्ट अमिनो आम्ल. शरीरात प्रथिने बांधताना जे अमिनो आम्ल सर्वांत आधी संपते, ते बाकीच्यांच्या वापरावर मर्यादा घालते, आणि उरलेली जळून जातात, त्यांतले नत्र लघवीवाटे बाहेर पडते. तृणधान्यांत ही मर्यादा जवळजवळ नेहमी लायसीन घालते. म्हणून धान्याच्या प्रथिनाचा कस म्हणजे बव्हंशी त्यातले लायसीन आणि त्यातले पचणारे किती, असे मी या पुस्तकात धरले आहे.

आता शेतात काय होते ते पाहू. पिकाला दिलेले नत्र आधी पानांत आणि खोडात जाते. पीक निसवले, दाणा भरू लागला, की पाने हळूहळू पिवळी पडतात आणि त्यांतले नत्र कणसाकडे, ओंबीकडे वळते. दाण्याच्या पेशींना स्वतःचे कामकाज चालवायला लागणारी प्रथिने साधारण ठरलेली असतात, ती पेशींच्या संख्येवर अवलंबून असतात. नत्र कमी असले तरी वनस्पती ती आधी पुरवते. त्यापलीकडे जे नत्र येते ते साठवणीत जाते, म्हणजे प्रोलामिनांत जाते. घरखर्च भागल्यावर वाढत्या मिळकतीतला प्रत्येक जादा रुपया कणगीत पडावा, तसे हे आहे. म्हणून युरियाचा उशिरा दिलेला हप्ता गव्हाचा प्रथिनांचा टक्का चांगलाच वाढवतो, पण १०० ग्रॅम प्रथिनामागे लायसीन किती हे पाहिले तर ते घटलेले दिसते. काळाच्या ओघातही हाच क्रम दिसतो. कामकाजाची प्रथिने दाण्यात आधी तयार होतात आणि साठवणीची मागाहून भरली जातात. त्यामुळे हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या प्रथिनात लायसीनचे प्रमाण वाळलेल्या दाण्यापेक्षा जास्त असते. दुष्काळात दाणा आकसला, पिठूळ भाग नीट भरला नाही, तर प्रथिनांचा टक्का खत न घालताही वाढतो, कारण टक्का हे गुणोत्तर आहे आणि त्यातला पिष्टाचा वाटा घटलेला असतो. अशा वर्षी वाढलेल्या टक्क्याने शेतकऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या पदरात जास्त काही पडलेले नसते.

खताऐवजी निवडीने नत्र वाढवले तरी उत्तर बदलत नाही, याचा सर्वांत लांबलेला पुरावा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आहे. १८९६ मध्ये तिथे एका मक्याच्या वाणातून दरवर्षी सर्वाधिक प्रथिनांची कणसे निवडून पुढची पिढी घ्यायला सुरुवात झाली, आणि तो प्रयोग शंभर पिढ्यांहून जास्त चालला. सुरुवातीला ११ टक्क्यांच्या आसपास असलेले प्रथिन २५ टक्क्यांच्याही पुढे गेले. मात्र ही वाढ मुख्यतः झेइनची आहे. दाण्यातले नत्र दुपटीहून जास्त झाले, आणि त्या नत्रातून उभे राहिलेले प्रथिन पूर्वीपेक्षा हलके झाले. निवड करणाऱ्यांनी जे मोजले तेच त्यांना मिळाले. लायसीन त्यांनी मोजलेच नव्हते.

या नियमाला तांदूळ मोठा अपवाद आहे. तांदळात साठवणीचे काम मुख्यतः ग्लुटेलिन करते, प्रोलामिनाचा वाटा थोडा असतो. ओटमध्ये ते काम ग्लोब्युलिनसारखी प्रथिने करतात. ही दोन्ही प्रोलामिनांपेक्षा लायसीनने बरीच समृद्ध असतात. म्हणून कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या ‘सीआर धान ३१०’ या वाणात प्रथिन १० टक्क्यांच्या पुढे गेले, त्याचे स्वागत निःशंक मनाने करता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एमएसीएस ४०२८’ या कठीण गव्हात प्रथिन १४.७ टक्के आहे आणि लोह-जस्तही चांगले आहे. शेवया, रवा आणि पास्त्यासाठी तो उत्तम गहू आहे, पण त्याच्या प्रथिनाच्या टक्क्याचा अर्थ तांदळाच्या टक्क्यासारखा लावता येणार नाही. दोन्ही बातम्या आपल्याकडे एकाच मथळ्याखाली येतात, आणि त्यामुळे वाचकाची गल्लत होते.

नेमके आकडे घेऊन पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिन असते आणि १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम. टक्का पाहिला तर ज्वारी पुढे. पण ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनात लायसीन सुमारे २.३ ग्रॅम आणि तांदळाच्या प्रथिनात सुमारे ३.७ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे २३० मिलिग्रॅम लायसीन मिळते, तर कमी प्रथिनाच्या तांदळातून २९५ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये प्रौढाची लायसीनची गरज वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम आणि प्रथिनाची सुरक्षित पातळी ०.८३ ग्रॅम धरली. ६० किलो वजनाच्या माणसाला त्या हिशेबाने ५० ग्रॅम प्रथिन आणि १८०० मिलिग्रॅम लायसीन लागते. दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीच्या भाकऱ्या खाणाऱ्याला ४० ग्रॅम प्रथिन मिळते, म्हणजे गरजेच्या ८० टक्के. लायसीन मात्र ९२० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम निम्मे. पहिला आकडा पाहणाऱ्याला तो माणूस जवळजवळ पुरेसे खातो असे वाटेल. हे ज्वारीविरुद्धचे आरोपपत्र नव्हे. तंतू, लोह आणि कोरडवाहू जमिनीत, परतीच्या पावसाच्या ओलीवर तग धरण्याची ताकद यांत तांदूळ तिच्या जवळपासही येत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी पिकते तिथे भाताचा विचारही करता येत नाही. तिची दुर्बळ बाजू कोणती हे नेमके माहीत असले, तरच तिच्याबरोबर ताटात काय हवे ते सांगता येते.

ज्वारीच्या बाबतीत पचनाचीही एक अडचण आहे. कॅफिरिनचे रेणू पाण्यात शिजताना आपसांत घट्ट जोडले जातात आणि पाचकरसांना दाद देईनासे होतात. पेरूमध्ये लहान मुलांना शिजवलेली ज्वारी देऊन झालेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्वारीच्या नत्रापैकी निम्म्याहून कमी नत्र शोषले गेले होते. पुढे कोंडा काढून, दाब आणि उष्णता देऊन तयार केलेल्या ज्वारीत ते बरेच सुधारले. धान्य कसे शिजवले जाते हा प्रश्न किती जड आहे ते यावरून कळते. आंबवून किंवा मोड आणून केलेल्या पदार्थांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे त्याचा फक्त उल्लेख करतो. केल्डालच्या चंबूत मात्र पचणारे आणि न पचणारे नत्र सारखेच उकळते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शेतीशास्त्राच्या बाजूने येतो आणि तो रास्त आहे. नत्र वाढल्यावर १०० ग्रॅम प्रथिनामागचे लायसीन घटते हे कबूल, पण एक किलो धान्यामागचे एकूण लायसीन तर थोडे वाढतेच, कारण प्रथिनच जास्त असते. मग खाणाऱ्याचे नुकसान काय? गव्हापुरते हे खरे आहे. नत्राच्या अभावी खुरटलेल्या पिकापेक्षा व्यवस्थित पोसलेले पीक केव्हाही बरे, आणि नत्र देऊ नका असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. माझा मुद्दा दराचा आहे. प्रथिनाचा टक्का तिसऱ्या हिश्शाने वाढला की आपण पोषणही तिसऱ्या हिश्शाने वाढले असे धरतो, आणि प्रत्यक्षात लायसीनमधली वाढ त्याहून बरीच कमी असते. झेइनप्रधान मक्यात आणि कॅफिरिनप्रधान ज्वारीत तर ती नगण्य होऊ शकते. शिवाय नत्राबरोबर गंधक पुरेसे नसेल तर आणखी बिघाड होतो. गंधकयुक्त प्रथिने कमी तयार होतात, ग्लायडिनमधले गंधकविरहित प्रकार वाढतात आणि दाण्यात मोकळे अस्पॅराजिन साचते. भाजताना त्यापासून ॲक्रिलामाइड हा घातक पदार्थ बनतो. सिंगल सुपर फॉस्फेटमधून पिकाला आपोआप गंधक मिळत असे. युरिया आणि डीएपीवर भर आल्यापासून ते मिळेनासे झाले. माती-परीक्षणाच्या अहवालातला गंधकाचा रकाना म्हणूनच नजरेआड करू नये.

दुसरा आक्षेप बेकरीवाल्यांचा आणि गिरणीवाल्यांचा. त्यांच्या दृष्टीने गव्हाचा कस म्हणजे कणकेचा ताण आणि लवचीकपणा. तो ग्लायडिन आणि ग्लुटेनिन (गव्हातले ग्लुटेलिन) यांच्यामुळेच येतो, म्हणून त्यांना जास्त टक्का हवा असतो आणि त्यासाठी ते जादा भावही देतात. त्यांच्या कामासाठी हे अगदी बरोबर आहे. उलट बिअरसाठी बार्ली घेणाऱ्यांना कमी नत्राचा दाणा हवा असतो, आणि त्यांच्या कामासाठी तेही बरोबर. चूक होते ती बेकरीच्या कसोटीवर मिळालेला शेरा पोषणाच्या वहीत जसाच्या तसा उतरवला जातो तेव्हा. पाव उत्तम फुगवणारा गहू लायसीनने उत्तम असतो असे मानायला काहीही आधार नाही. मैद्यात तर अंकुर आणि कोंड्यालगतचा थर निघून गेल्याने ते आणखी घटते. चक्कीवर दळलेल्या अख्ख्या गव्हाच्या पोळीला इथे खरा फायदा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो मांडणारे पां. वा. सुखात्मे आपल्याच मातीतले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येऊ घातले आहे असा इशारा दिला, तेव्हा सुखात्मे यांनी भारतातल्या आहाराचे आकडे मांडून दाखवले की डाळ-धान्याचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिने बहुधा पुरतात, आणि खरी तूट उष्मांकांची आहे. पोट अर्धे असेल तर खाल्लेले प्रथिन इंधन म्हणून जळते. डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रथिन-संकटाच्या कल्पनेवर जो कडक लेख लिहिला, त्याचा रोख हाच होता. सुखात्मे यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि त्याने माझी बाजू दुबळी होत नाही. त्यांच्या हिशेबातला आहार डाळ-धान्याचा होता. डाळ त्यातून वजा केली की तो हिशेब बदलतो. देशात दरडोई रोजची डाळींची उपलब्धता १९५१ मध्ये ६० ग्रॅमच्या आसपास होती. २००० च्या सुमारास ती ३० ग्रॅमच्या घरात आली होती. नंतर ती सुधारली, तरी सरासरीच्या आड गरिबाचे ताट झाकले जाते. पाकिस्तानात जवळजवळ गव्हावरच जगणाऱ्या कुटुंबांना लायसीन मिसळलेला आटा देऊन केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोषणाच्या आणि मुलांच्या वाढीच्या काही निर्देशकांत सुधारणा दिसली. परिणाम माफक होते, पण पोळी पोटभर असूनही एक अमिनो आम्ल कमी पडू शकते हे त्यातून कळते.

उरतो तो आक्षेप रोजच्या जेवणाचा. वरण-भात, भाकरी-पिठले, ज्वारीबरोबर मटकीची उसळ, बाजरीबरोबर उडदाचे घुटे खाणाऱ्यांना लायसीनची चिंता कशाला? ज्यांच्या ताटात हे रोज आणि पुरेसे असते त्यांना खरोखरच नको. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे १५०० मिलिग्रॅम लायसीन असते. २० ग्रॅम डाळीतून ३०० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे १०० ग्रॅम तांदळातून मिळते तितकेच. माध्यान्ह भोजनाच्या निकषांत प्राथमिक शाळेतल्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरलेली आहे, आणि प्रथिनाचे उद्दिष्ट १२ ग्रॅम. त्या ताटातले निम्मे लायसीन अशा रीतीने वाटीभर वरणातून येते. आता समजा, डाळ महागली म्हणून ती १० ग्रॅमने कमी केली आणि तेवढे प्रथिन भात वाढवून भरून काढले. कागदावर प्रथिन तितकेच राहील, उष्मांक तर वाढतील, आणि लायसीन मात्र सुमारे ७० मिलिग्रॅमने घटेल. भाताऐवजी ज्वारीने भरपाई केली तर घट १०० मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नोंदवहीत हा फरक उमटायला जागाच नाही. डाळ-धान्याची जोडी आपल्या आजी-पणजींनी बसवली हे खरे, पण ती टिकवायची तर डाळीचा वाटा कशासाठी आहे हे निकष लिहिणाऱ्यांना कळले पाहिजे. केवळ ग्रॅम प्रथिनांची अट डाळीचे रक्षण करू शकत नाही.

धान्यातच लायसीन वाढवण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांचा इतिहास या पुस्तकाचा मोठा भाग व्यापतो, कारण त्यातले यश आणि अपयश दोन्ही बोलके आहे. १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी ‘ओपेक-२’ या जनुकाच्या मक्यात झेइन घटून प्रथिनातले लायसीन दीडपटीहून जास्त होते असे दाखवले. याच विद्यापीठातल्या रामेश्वर सिंह आणि जॉन अॅक्सटेल यांनी १९७३ मध्ये इथिओपियातल्या ज्वारीत असाच गुण शोधला. पण ओपेक-२ चा दाणा मऊ, खडूसारखा, वजनाला हलका आणि किडीला पटकन बळी पडणारा निघाला. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात सुरिंदर वसाल आणि एव्हान्जेलिना विलेगास यांनी अनेक वर्षे खपून तो टणक केला. त्यातून आलेल्या गुणवत्तापूर्ण प्रथिनाच्या मक्यासाठी दोघांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातही ‘विवेक क्यूपीएम ९’ सारखे संकर आले. तरीही हा मका शेतातून मोठ्या प्रमाणावर बाजारात आला नाही, आणि त्याचे कारण प्रयोगशाळेबाहेर आहे. त्याचा प्रथिनाचा टक्का साध्या मक्याइतकाच असतो. आडत्याच्या यंत्रावर दोन्ही पोती सारखीच दिसतात, मग भाव जास्त कोण देणार? परागीकरणात शेजारच्या साध्या मक्याची सरमिसळ झाली की गुणही जातो, म्हणून ते अंतर राखण्याची मेहनत शेतकऱ्याने घ्यायची आणि बाजारात त्याचे मोल शून्य. मोजमाप चुकीचे असेल तर संशोधन कितीही खरे असले तरी शेतापर्यंत पोचत नाही, हे मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त खुपते.

त्यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो नवाही नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाअखेर लार्स मुंक आणि त्यांचे सहकारी जगभरच्या बार्लीचे नमुने तपासत होते. त्यांनी प्रत्येक नमुन्याची दोन मोजमापे शेजारी शेजारी ठेवली : केल्डालचे नत्र, आणि प्रथिन एका आम्लधर्मी नारिंगी रंगाला किती धरून ठेवते त्याचे माप. हा रंग लायसीनसारख्या अल्कधर्मी अमिनो आम्लांनाच चिकटतो. ज्या नमुन्यात नत्राच्या मानाने रंग जास्त बसला तो निवडला, आणि त्यातून इथिओपियातून आलेली ‘हायप्रोली’ ही बार्ली सापडली. प्रथिन जास्त आणि त्यातले लायसीनही जास्त, असा हा दुर्मीळ योग होता. महागडे अमिनो आम्ल-विश्लेषण नंतर फक्त निवडक नमुन्यांचे केले की भागले. रब्बी ज्वारीचे जुने स्थानिक वाण, खपली गव्हाचे नमुने, कोकणातले आणि मावळातले भात यांची अशी दुहेरी तपासणी करायला लागणारी साधने कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या जैवरसायन विभागात उभी करता येतील. म्हणूनच पहिल्या प्रकरणाची सुरुवात मी मुंक यांच्या त्या दोन रकान्यांच्या तक्त्यापासून केली आहे, आणि पुढे जिथे जिथे प्रथिनाचा टक्का दिला आहे तिथे त्याच्या शेजारी लायसीनचा आकडाही ठेवला आहे.